एकशे बारावा टॅबलेट

मंगळवार, ११ मार्च, दुपारी तीन

ताई,

आज दुपारी दोन वाजता मुख्य सिस्टरांनी यादीवर बोट ठेवून स्वतः मोजलं आणि सांगितलं, एकशे बारापैकी एकशे अकरा टॅबलेटवर औषधांचा नवा तक्ता पोचला आहे. राहिला तो तुझा.

बाकीचं पत्र फाडून टाकलंस तरी चालेल, पण एवढं वाच. एक तारखेच्या जीपने तुझ्या केंद्रावर फिट्सच्या औषधाच्या ज्या बाटल्या आल्या, त्या दुप्पट तीव्रतेच्या आहेत. खोका तोच, रंग तोच, झाकण तेच. फक्त लेबलावरचा बारीक आकडा बदललाय. तुझ्या स्क्रीनवर अजून जुना तक्ता आहे. तुझ्याकडे या औषधावर असलेल्या त्या साडेतेरा किलोच्या मुलीसमोर तो तुला चार मिली दाखवेल. नव्या बाटलीतून दोनच मिली द्यायचं. चार नाही, दोन. जुनी बाटली चालू असेपर्यंत चारच बरोबर आहे. माझ्या शब्दावर जाऊ नकोस, सोबतच्या कागदावर मुख्य सिस्टरांची सही आणि शिक्का आहे.

दुसरं. टॉवर सुरू झाला म्हणजे सगळं ठीक झालं असं समजू नकोस. तुझा टॅबलेट जुन्यातला आहे. नेट आल्यावरही पहिल्यांदा पान उघडशील तेव्हा जुनंच दिसेल. ते पूर्ण बंद कर आणि पुन्हा उघड. तळाला उजव्या कोपऱ्यात पानाचा नंबर असतो. तिथे ४२ दिसलं तर तक्ता नवा. ४१ असेल तर त्या पानावरच्या एकाही आकड्याचं ऐकू नकोस.

सिस्टीममध्ये एक तांत्रिक अडचण आली होती, ती दूर केली आहे. शहरात कुणाला काही त्रास झालेला नाही.

तुझा फोन तीन तारखेपासून लागत नाही. टॉवर पडलाय, पूल गेलाय, आणि केंद्राचा वायरलेस तर दिवाळखोरासारखा गप्पच असतो म्हणे. टॉवर दुरुस्त करायला एक लाईनमन डोंगरावरून चालत जाणार आहे. इथे सगळे त्याला लंबू म्हणतात. तो उद्या सकाळी निघेल. त्याच्याकडे हे पत्र देते आहे.

बाबा बरे आहेत.

तुझी धाकटी


बुधवार, १२ मार्च, सकाळी अकरा

ताई,

लंबू गेला नाही. वारा आहे म्हणून डोंगराच्या पायथ्याच्या चौकीवाल्यांनी त्याला सोडलं नाही. मी फोन केला तर म्हणाला, "मॅडम, मी उंच आहे म्हणून वाऱ्याला आधी मीच सापडतो." मला हसायला हवं होतं.

कालचं पत्र परत घेतलेलं नाही. हे त्याच पाकिटात जाईल.

सकाळी मी औषधांच्या खोलीत जाऊन फार्मासिस्टसमोर बसले. ती खोली तुला माहीत आहे. खिडकीला निळा कागद आणि भिंतीला लागून फ्रिज, त्याचं दार कुल्ल्याने ढकलल्याशिवाय लागत नाही. फार्मासिस्टने तुझ्या शेवटच्या नोंदी काढल्या. एक तारखेला संध्याकाळी तू जुन्या साठ्यातली शेवटची बाटली फोडलीस. शंभर मिली. चार सकाळी, चार संध्याकाळी. त्याने कागदावर रेघा मारल्या आणि म्हणाला, "पंचवीस डोस. तेरा तारखेच्या संध्याकाळी शेवटचा. म्हणजे उद्या."

मी म्हटलं, "मग नवी बाटली परवा सकाळी."

"एक थेंबही सांडला नसेल तर. मुलगी चार वर्षांची आहे. तुम्ही कधी चार वर्षांच्या पोराला कडू औषध पाजलंय का?"

मी पाजलेलं नाही. तू पाजलंयस, मलाच. निम्मं फ्रॉकवर जायचं.

त्याने पेन्सिल खाली ठेवली आणि विचारलं, "तुमची ताई लेबल वाचते ना?"

मी "वाचते" म्हटलं. तू भाजीची पिशवीसुद्धा वाचून घेतेस. पण त्या खोलीतून बाहेर पडले तेव्हा जिन्यावर माझे पाय थांबले. चौकशीनंतर तुझ्याकडून जे लेखी घेतलं, त्याची प्रत मी पाहिली आहे. तू लिहिलंयस, "यापुढे स्क्रीनवर जे दिसेल तेच आणि तेवढंच देईन. माझी अक्कल चालवणार नाही." आणि गेल्या दोन वर्षांत तुझ्या नोंदींमध्ये एकदाही फरक नाही. स्क्रीन आणि तू, मिलीच्या दशांशापर्यंत सारखे. मुख्य सिस्टर सगळ्यांना तुझं उदाहरण देतात.

लेबल वाचूनही तू स्क्रीनचंच ऐकशील, याची मला भीती वाटते.

म्हणून काय झालं ते नीट सांगते. कारण कळलं तर तू माझं नाही तरी कारणाचं ऐकशील.

आपलं औषधांचं पान ब्राउझरमध्ये उघडतं. पूर्वी नेट गेलं की ते कोरं पडायचं. तूच मला म्हणाली होतीस, "तुझा तो गोल नुसता घिरट्या घालतो. पेशंटला काय त्याच्यावर नजर लावून बसवू?" म्हणून मी पानाच्या आत एक पहारेकरी बसवला. त्याला सर्व्हिस वर्कर म्हणतात. ही काही माझी करामत नाही, सगळ्या ब्राउझरांनी सारखं वागावं म्हणून जी मानकं ठरली आहेत त्यातच त्याची सोय आहे. तो पान आणि नेट यांच्या मधे बसतो. तू पान मागितलंस की तो नेटची वाट बघत नाही, आपल्याजवळची प्रत पुढे करतो. म्हणून तुझं पान डोंगरावरही चटकन उघडतं.

या पहारेकऱ्याला बदलायचा एकच मार्ग असतो. नेट असलं की ब्राउझर त्याच्याच नावाची फाईल नव्याने मागून बघतो. तीत काही बदललं असेल तर नवा पहारेकरी येतो, जुना जातो.

आमच्या कचेरीत रिवाज आहे की फाईल बदलली की तिच्या नावातला आकडा बदलायचा. म्हणजे कुठलाही ब्राउझर जुनी प्रत धरून बसत नाही. चांगला रिवाज आहे. हजार फाईलींना लागू पडतो. या एकाच फाईलला लागू पडत नाही. नवा तक्ता चढवताना पहारेकऱ्याच्या फाईलचंही नाव बदललं गेलं. मग काय झालं? जुना पहारेकरी सगळ्यांना जुनं पान देत राहिला. जुन्या पानात जुन्याच पहारेकऱ्याचं नाव. ब्राउझर रोज इमानाने त्या नावाची चौकशी करायचा आणि तिथे काहीच नवं नसायचं. नव्या नावाबद्दल त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगणारं पान पहारेकऱ्याच्या पलीकडे अडकलेलं.

आमच्या टेबलांवर हे दिसलंच नाही. काम करताना आम्ही ब्राउझरच्या एका चौकटीत खूण करून ठेवतो, म्हणजे तो दर वेळी ताजंच आणतो. ती खूण काढून बघायची असते. बघितली नाही. माझ्या शेजारी बसतो तो, ज्याला आम्ही पुस्तकी म्हणतो कारण मानकांची कलमं त्याला पाठ आहेत, शुक्रवारी स्क्रीनकडे बघून एवढंच म्हणाला, "ब्राउझरने अक्षरशः नियमाप्रमाणे केलंय. एकही चूक नाही त्याची."

आता जुन्या नावाच्याच फाईलमध्ये हुकूम ठेवलाय की साठवलेलं सगळं टाकून दे आणि जागा सोड. ज्याला नेट मिळेल त्याला तो हुकूम मिळतो. तुला नेट नाही.

मुलीचं नाव मला माहीत नाही. आमच्याकडे फक्त नंबर आणि वजन येतं.


बुधवार, सायंकाळी पाच

ताई,

वर "नाव बदललं गेलं" असं लिहिलंय. ते मी बदललं. "बघितली नाही" तेही मीच. पुस्तकीने विचारलं होतं, "खूण काढून एकदा बघितलंस का?" मी म्हटलं, "हो रे बाबा, तू आपलं काम कर." मला घरी जायचं होतं.

आणि कालच्या पत्रात शहरात कुणाला त्रास झाला नाही असं लिहिलं, ते खोटं आहे. आमच्या कचेरीतल्या साहेबांनी सांगितलेलं वाक्य होतं ते, मी उतरवलं. सहा तारखेला एका सात वर्षांच्या मुलाला दुप्पट डोस गेला. तो दिवसभर उठला नाही. आईला वाटलं दमलाय. दुसऱ्या दिवशी त्यांच्या सिस्टरला संशय आला, तिने बाटली घेऊन फार्मासिस्टला गाठलं, त्याने आम्हाला फोन केला. तेव्हा आम्हाला कळलं. मुलगा आता बरा आहे. त्याच दिवशी फार्मासिस्टने शहरातल्या सगळ्या बाटल्यांवर लाल चिठ्ठ्या चिकटवल्या. तुझ्या बाटल्या त्याआधीच गेल्या होत्या.

तो मुलगा सात वर्षांचा, बावीस किलोचा, आणि मोठं हॉस्पिटल दहा मिनिटांवर. तुझी साडेतेरा किलोची आहे. ताई, ती गाढ झोपलेली दिसली तर तिचे श्वास मोज. हे मी तुला शिकवावं म्हणजे कमालच आहे, पण मोज.

आणखी एक आकडा माझ्या डोक्यातून जात नाही. दोन तारखेला, रविवारी, तुझा टॅबलेट सकाळी सातपासून संध्याकाळी सहापर्यंत नेटवर होता. आमच्याकडे नोंद आहे. तू पान नऊ वेळा उघडलंस. नवा तक्ता आदल्या दिवसापासून सर्व्हरवर तयार होता, वर ठळक अक्षरांत बाटल्या बदलल्याची सूचनाही होती. नऊ वेळा तू दारापाशी आलीस आणि नऊ वेळा मी बसवलेल्या पहारेकऱ्याने तुला परत पाठवलं. टॉवर तर सोमवारी पडला. वादळाचं यात काही नाही.

दुपारी साहेबांच्या खोलीत गेले. पत्र वाचून म्हणाले, "एवढं कशाला? 'टॅबलेट अद्ययावत करून घ्यावा' एक ओळ पुरे."

"तिला कारण कळलं नाही तर ती स्क्रीनचंच ऐकेल."

"मग ते चांगलंच आहे की. स्क्रीनचं ऐकायचं हाच नियम आहे."

"सर, स्क्रीन चुकीचा आहे."

त्यांनी चष्मा काढला. "हे बघ, तू घाबरली आहेस. घाबरलेला माणूस फार लिहितो. लेखी गेलं की परत येत नाही."

खरं सांगू? दोन वर्षांपूर्वी याच खोलीत हेच वाक्य त्यांनी मला सांगितलं होतं, आणि मी ऐकलं होतं.

आता ते लिहिते. इंजेक्शनं उशिरा दिलीस म्हणून तुझी चौकशी झाली, तेव्हा मी चौथ्या खुर्चीवर होते, लॅपटॉप घेऊन. तू सांगत होतीस की तिन्ही इंजेक्शनं सकाळी आठला दिली. पडद्यावर नोंदीची वेळ दुपारी दोन चाळीस. अध्यक्षांनी विचारलं, "सिस्टीममध्ये चूक असू शकते का?" साहेब म्हणाले, "शक्य नाही," आणि माझ्याकडे बघितलं. मी लॅपटॉपकडे बघितलं.

मला तेव्हाच शंका आली होती. नेट नसताना तू केलेली नोंद टॅबलेटमध्ये थांबून राहते आणि नेट आलं की सर्व्हरकडे जाते. सर्व्हर तिच्यावर स्वतःच्या घड्याळाची वेळ टाकायचा. तू दिल्याची नाही, त्याला पोचल्याची. दुसऱ्या दिवशी मी तपासलं. दोन ओळींची दुरुस्ती होती. केली. बदलांच्या वहीत लिहिलं, "किरकोळ सुधारणा." तोपर्यंत तुझ्या बदलीचा कागद निघाला होता. साहेबांना सांगितलं तर म्हणाले, लेखी गेलं की परत येत नाही. मला नोकरी लागून आठ महिने झाले होते. हे कारण म्हणून सांगत नाही. मी कुठल्या बाजूला बसले होते ते कळावं म्हणून सांगते.

सामान बांधताना तू मला विचारलंस, "तुला माहीत होतं का, एवढंच सांग." मी म्हटलं, "मला काय माहीत असणार?" तू पेटीचं झाकण लावलंस. त्यानंतर तू माझ्याशी बोललेली नाहीस. बाबांना वाटतं आपण आईच्या बांगड्यांवरून भांडलो. मी त्यांना तसंच वाटू दिलं.

आज साहेबांच्या खोलीतून सरळ मुख्य सिस्टरांकडे गेले. उभ्यानेच सगळं सांगितलं, दोन्ही गोष्टी. त्या इंजेक्शनच्या सुया मोजत होत्या, मोजणं पूर्ण केलं आणि मगच मान वर केली.

"त्या चौकशीत तिला मी नाही नाही ते बोलले," त्या म्हणाल्या. "आणि तू दोन वर्षं कँटीनमध्ये माझ्या शेजारी बसून भात कालवत होतीस."

मी ट्रेमधला कापूस उचलून डोळे पुसले.

"रडू नकोस इथे, कापूस महाग आहे. हे सगळं लिहून दे. तुझ्या सहीने, तारखेसह, त्या किरकोळ सुधारणेच्या पानासकट."

लिहून दिलं. त्यांनी चौकशी समितीकडे पाठवलं. साहेबांना अजून माहीत नाही. उद्या कळेल.

हे सांगून मला हलकं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही. कारण त्या कागदाने डोंगरावरच्या बाटलीत काही फरक पडत नाही. तू माझ्यामुळे स्वतःची अक्कल बाजूला ठेवायला शिकलीस, आणि आता मी तुला विनवते आहे की ती वापर. कुठल्या तोंडाने, ते मला विचारू नकोस. पण वापर.


गुरुवार, १३ मार्च, सकाळी साडेनऊ, चौकीवरून

ताई,

वारा पडला आहे. चौकीच्या शिपायाने आठ वाजता फाटक उघडलं आणि लंबूचं नाव वहीत लिहून घेतलं. मी पहाटेच्या बसने इथे आले. मलाही जायचं होतं. शिपायाने माझ्या चपलांकडे बघितलं आणि म्हणाला, "एक जण पडला तर आम्ही शोधू. दोघं पडली तर साहेब आम्हाला शोधतील." सोडलं नाही.

गुडघ्यावर वही ठेवून लिहिते आहे, अक्षर समजून घे.

लंबू बुटांच्या नाड्या बांधतोय. त्याच्या पाठीवर तारांचं भेंडोळं, कमरेला हत्यारं. मी त्याला विचारलं, आधी कुठे जाणार.

"टॉवर. कंपनी तिकडनं बघते मी पोचलो की नाही."

"केंद्र वाटेत आहे ना?"

"वाटेत म्हणजे, खालच्या अंगाला. अर्धा तास वाकडं."

"आधी केंद्रावर जा."

"मॅडम, उजेड जातो. अंधारात टॉवरवर चढलो तर खाली यायला मला पायऱ्या लागणार नाहीत."

मग मी त्याला सगळं सांगितलं. पहारेकरी वगैरे नाही. बाटली, चार मिली, दोन मिली, मुलगी. तो ऐकून घेत होता. मग त्याने पाकीट माझ्या हातातून घेतलं, शर्टच्या आतल्या खिशात घातलं आणि वरून स्वेटर ओढला.

"माझी पण एक आहे," तो म्हणाला. "औषध तोंडातून बाहेर काढते आणि हसते." मग म्हणाला, "आधी केंद्र. टॉवर नंतर बघू. कंपनीला सांगा पाय मुरगळला."

मंगळवारच्या पत्रातलं बाटलीचं त्याच्याकडून तोंडपाठ करून घेतलंय. पाकीट भिजलं किंवा हरवलं तरी तो दारातून ओरडून सांगेल, नव्या बाटलीतून दोन मिली. ऐकून गोंधळू नकोस. मुख्य सिस्टरांच्या शिक्क्याची एक वेगळी प्रत त्याच्या टोपीत आहे, आणि हे पान तो निघताना त्याच्या हातात देईन.

आता हिशेब असा आहे. तो दहाला निघेल. आठ तास धरले तर सहाला तुझ्या दारात. औषधाची वेळ सातची. मधे एक तास. पूल गेल्यापासून वरच्या वाटेने अजून कुणी गेलेलं नाही, त्यामुळे आठ तास हे कुणी चालून सांगितलेले नाहीत. जुनी बाटली आज सकाळीच तळाला गेली असेल तर नवी तू आज संध्याकाळी फोडशील. थेंबन्‌थेंब वाचवला असशील तर उद्या सकाळी. तू वाचवणारी आहेस. पण ती चार वर्षांची आहे.

अंधाराआधी जमलं तर लंबू आजच टॉवर जोडेल, नाहीतर उद्या सकाळी. मी इथेच थांबणार आहे. चौकीवर टेबल आहे, वीज आहे, नेट आहे. मुख्य सिस्टर तिकडे त्यांच्या फोनपाशी बसल्या आहेत. टॉवर लागताक्षणी त्या तुला फोन करतील. माझा उचलू नकोस, त्यांचा उचल.

आणि त्याच क्षणी तुझा टॅबलेट साठवलेल्या नोंदी खाली पाठवायला लागेल, तीन तारखेपासूनच्या, एकेक करून, तू दिलेल्या वेळेसह. मी पान उघडून बसेन. अकरा दिवसांच्या ओळी वरून खाली येतील आणि आज संध्याकाळची शेवटी येईल. त्या ओळीत बाटलीचा नंबर असेल. नंबर जुना असेल तर पुढे काहीही असो. नवा असेल तर त्याच्यापुढे दोन आहे की चार, ते मला दिसेल.